कटगुणचे गोऱ्हे, पुण्याचे फुले

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव ठाऊक नाही असा ज्ञातिबांधव आज महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. आपल्या प्रत्येक मेळाव्यात त्यांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण केल्यावाचून कार्यास आरंभ होत नाही. त्यांनी काढलेल्या शाळा, त्यांनी स्थापिलेला सत्यशोधक समाज आणि त्यांनी लिहिलेले ग्रंथ यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे व ते योग्यच आहे. परंतु हे घराणे मूळचे कोठले, ते कोणत्या मातीत रुजले, तेथून कितीदा उखडले गेले आणि पुन्हा कसे उभे राहिले, याकडे वाचकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले आहे. जोतीरावांच्या विचारवृक्षाची मुळे या शेतकरी घराण्याच्या वसण्या-उठण्याच्या इतिहासात आहेत, असे आम्हांस वाटते. म्हणून त्यांचे चरित्र या वेळी त्या बाजूने सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे त्यांचे मूळ गाव. हा मुलूख कमी पावसाचा. येथे विहीर खणून मोटेच्या पाण्यावर थोडा मळा करावा आणि उरलेल्या रानात ज्वारी-बाजरी पिकवावी, हीच शेतकऱ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जोतीरावांचे पणजोबा या गावी चौगुला होते. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस. हे काम गावकीत मानाचे असले, तरी लिहिण्याचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे आणि ज्याच्या हाती दप्तर त्याच्याच हाती पुष्कळ वेळा गावही असे. चरित्रकार अशी कथा देतात की, कुलकर्ण्याच्या जाचास कंटाळून या चौगुल्याने अखेर त्याचा प्राण घेतला आणि रातोरात गाव सोडले. या कथेचा बारीकसारीक तपशील कसाही असो, त्यातील वर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. अंगात बळ होते, कसण्यास जमीन होती, गावात मान होता. तथापि लेखणी दुसऱ्याच्या हाती होती. या एका उणिवेपायी एका कष्टाळू कुटुंबास आपले घर, शिवार आणि गाव यांस कायमचे मुकावे लागले. हत्येचे समर्थन कोणीही विचारी मनुष्य करणार नाही. पण माणसास त्या टोकास नेणारी अगतिकता कशी निर्माण होते, याचा विचार मात्र केला पाहिजे.

कटगुणहून निघालेले हे कुटुंब पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे येऊन स्थिरावले. जो गाव सोडून येतो त्यास नव्या गावी उपरा म्हणून राहावे लागते. तेथील देवळात, चावडीवर आणि पाणवठ्यावर त्यास आपली जागा श्रमाने मिळवावी लागते. गोऱ्ह्यांनी ती मिळविली, शेती केली आणि संसार उभा केला. खानवडी येथेच जोतीरावांचे आजोबा शेटीबा यांचा काळ गेला. शेटीबा स्वभावाने भोळे व हाताने सैल होते. व्यवहाराची जाण कमी, त्यात कर्जाचा बोजा. हळूहळू वडिलोपार्जित मिळकत हातची गेली आणि या घराण्यावर दुसऱ्यांदा गाव सोडण्याची पाळी आली. पहिल्या वेळी जुलमाने उठविले, दुसऱ्या वेळी दारिद्र्याने. या दोन्ही प्रसंगी हिशेबाचा कागद वाचणारा घरात कोणी नव्हता, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो.

शेटीबांना राणोजी, कृष्णा व गोविंद असे तीन मुलगे. हे कुटुंब पोटासाठी पुण्यास आले. पेशव्यांचे पुणे त्या काळी बागांचे शहर होते. वाड्यावाड्यांतून पूजाअर्चा, सणसमारंभ आणि मेजवान्या चालत. त्यांस फुलांचा पुरवठा अखंड लागे. हे तिघे भाऊ एका फुलमाळ्याच्या हाताखाली राहून ती विद्या शिकले. हारगजरे, जाळ्या, फुलांच्या गाद्या आणि आसने तयार करण्यात त्यांचा हात असा बसला की, त्यांची कीर्ती थेट पेशव्यांच्या वाड्यापर्यंत गेली. पेशव्यांनी प्रसन्न होऊन त्यांस ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांस फुले म्हणू लागले आणि गोऱ्हे हे नाव मागे पडले. केवळ आपल्या हाताच्या कसबावर मिळविलेले हे आडनाव आहे. कटगुण गेले, खानवडीचे रान गेले; तथापि दोन पिढ्यांची भटकंती संपून या घराण्यास पुन्हा स्वतःची जमीन लाभली.

परंतु ही जमीनही सर्वांना लाभली नाही. थोरले बंधू राणोजी यांनी इनाम आपल्याकडेच ठेवून धाकट्या भावांना त्यातून वगळले, असे चरित्रकार सांगतात. भाऊबंदकीचा हा रोग आपल्या समाजास नवा नाही. परक्याने एकदा लुटले तर घर पुन्हा उभे राहते. भावाने लुटले तर घराचा पायाच ढासळतो. गोविंदरावांनी मात्र रडत न बसता फुलांचा व भाजीपाल्याचा धंदा चालविला, मळा केला आणि प्रामाणिकपणाच्या बळावर बऱ्यापैकी संसार केला. त्यांचा विवाह झगडे पाटलांच्या घराण्यातील चिमणाबाई यांच्याशी झाला. त्यांना राजाराम व जोतीराव असे दोन पुत्र झाले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. बाळ वर्षाचेही झाले नाही तोच चिमणाबाई निवर्तल्या. गोविंदरावांनी पुन्हा लग्न केले नाही. नात्यातील सगुणाबाई क्षीरसागर या बालविधवेने या पोरक्या मुलास आईच्या मायेने वाढविले. या माउलीचे ऋण आपल्या समाजाने विसरता कामा नये.

सातव्या वर्षी जोतीरावांस शाळेत घातले. तेथे त्यांचे चित्त चांगले रमले होते. परंतु शूद्राच्या मुलाने शिकून काय करायचे, असा सल्ला गोविंदरावांच्या दुकानातील एका कारकुनाने दिला आणि भोळ्या बापाने मुलास शाळेतून काढून मळ्यावर लावले. कटगुणच्या चौगुल्यास ज्या अज्ञानाने गाव सोडावयास लावले, तेच अज्ञान सल्ल्याचे सोंग घेऊन पुन्हा या घराच्या उंबऱ्यात उभे राहिले होते. जोतीराव मळ्यात राबू लागले. वयाच्या तेराव्या वर्षी, १८४० साली, नायगावच्या खंडोजी नेवसे पाटलांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सगळ्या शेतकरी मुलांच्या आयुष्याची वाट अशीच ठरलेली असे आणि जोतीरावांचीही तीच ठरली होती.

येथे दोन शेजारी मदतीस धावून आले. गफार बेग मुन्शी आणि लिजिटसाहेब यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि गोविंदरावांचे मन वळविले. १८४१ साली जोतीराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाले आणि १८४७ पर्यंत शिकले. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती गृहस्थ यांनी माळ्याच्या मुलाच्या विद्येची काळजी वाहिली. ज्ञातीतील कोणी ती वाहिल्याचे नमूद नाही. ही गोष्ट लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, पण ती लपविणे हे त्या थोर पुरुषाच्या सत्यनिष्ठेस शोभणार नाही.

१८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा जातीवरून अपमान झाला. त्याच साली त्यांनी बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. त्यापूर्वीच त्यांनी आपल्या पत्नीस व सगुणाबाईंस शिकविण्यास आरंभ केला होता. मळ्यातील आंब्याच्या सावलीत, मातीत काडीने अक्षरे गिरवून हे धडे चालत, असे सांगतात. ज्या घराण्याने अक्षरावाचून दोन गावे गमावली, त्या घराण्याच्या सुनेने अक्षरे प्रथम गिरविली ती शेताच्या मातीवरच. सावित्रीबाई पुढे शाळेत शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना त्यांच्यावर शेण व चिखल फेकला जाई, हे सर्वश्रुत आहे.

फेकणारे परके होते, हे खरे. पण घरातून बाहेर काढणारे कोण होते? १८४९ साली लोकांच्या व ज्ञातीच्या भयाने गोविंदरावांनी मुलास व सुनेस शाळा सोडा किंवा घर सोडा असे बजावले, आणि त्या उभयतांनी घर सोडले. या घराण्यातील हे तिसरे स्थलांतर. कटगुण सोडले ते कुलकर्ण्याच्या जाचामुळे, खानवडी सोडली ती कर्जामुळे आणि वडिलांचे घर सोडले ते आपल्याच माणसांच्या धाकामुळे. पहिल्या दोन वेळी ते कुटुंब भूमी शोधीत निघाले होते. या वेळी जोतीराव व सावित्रीबाई हे दाम्पत्य इतरांसाठी विद्येची भूमी तयार करावयास निघाले. पुढे अवघ्या तीन वर्षांत, १६ नोव्हेंबर १८५२ रोजी, विश्रामबाग वाड्यात सरकारच्या वतीने जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. ज्यांनी त्यांस दूर लोटले होते, त्यांच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

जोतीराव केवळ शाळामास्तर नव्हते. त्यांनी ठेकेदारी केली, पुण्याजवळच्या धरणाच्या बांधकामास साहित्य पुरविले आणि मांजरी येथे जमीन घेऊन शेती केली. खडकवासल्याच्या धरणाचे पाणी पाटाने येऊ लागले, तेव्हा पुष्कळ शेतकरी ते घेण्यास कचरत. पाटाच्या पाण्याने जमीन बिघडेल, सारा वाढेल, अशी भीती त्यांस वाटे. जोतीरावांनी स्वतः पाटाच्या पाण्यावर बागाईत करून ती भीती घालविण्याचा प्रयत्न केला, अशी आठवण सांगितली जाते. कटगुणच्या कोरड्या शिवारातून निघालेल्या घराण्याचा पणतू मांजरीच्या शिवारात पाट वाहता करून उभा आहे, हे चित्र आमच्या डोळ्यांसमोरून हलत नाही. घराण्याने गमावलेली जमीन त्यांनी स्वकष्टाने पुन्हा मिळविली. परंतु ते तेवढ्यावर समाधान मानणारे नव्हते. आपल्यास जमीन मिळाली, इतरांची का जाते, हा प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देईना.

तो काळच तसा होता. १८७५ साली सुपे येथे सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला आणि तो पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. पाठोपाठ १८७६-७७ चा भीषण दुष्काळ आला. त्या दुष्काळात जोतीराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी धनकवडी येथे निराधार मुलांसाठी अन्नछत्र व आश्रम चालविला. १८७३ च्या २४ सप्टेंबर रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना झालीच होती. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. या सर्व अनुभवांचे सार त्यांनी १८८३ साली सिद्ध केलेल्या शेतकऱ्याचा असूड या ग्रंथात ओतले आहे.

हा ग्रंथ वाचताना आम्हांस पानोपानी कटगुण व खानवडी दिसतात. निरक्षर शेतकऱ्यास कचेरीत कसे नाडले जाते, कर्जाच्या कागदावर त्याचा अंगठा कसा उठविला जातो, सणवार व लग्नकार्ये यांत तो कसा बुडतो आणि जंगल खात्याच्या नियमांनी त्याच्या गुरांची चराई कशी बंद होते, हे सर्व त्यांनी सविस्तर मांडले आहे. परंतु ते केवळ गाऱ्हाणे मांडून थांबत नाहीत. डोंगरउतारावर ताली व बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, त्या कामी पलटणीतील व पोलिसातील रिकामे हात लावावेत, जमिनीखालील पाण्याचा शोध घेऊन ते गावकऱ्यांस दाखवून द्यावे, मेंढ्यांची व गुरांची चांगली अवलाद आणवावी, शेतीची प्रदर्शने भरवून उत्तम शेतकऱ्यास बक्षिसे द्यावीत आणि शेतकऱ्यांच्या मुलांस शेतकीचे शिक्षण द्यावे, अशा सूचना त्यांनी केल्या. यातील पाणी मुरविण्याची सूचना तर आजही दुष्काळी तालुक्यांत रोजच्या उपयोगाची आहे. हे सारे लिहिणारा मनुष्य पुस्तकी पंडित नव्हता. त्याच्या बोटांस माती लागलेली होती.

१८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन देतानाही त्यांनी हाच धागा धरला. सरकारी तिजोरीत पैसा येतो तो शेतकऱ्याच्या साऱ्यातून. मग त्याच्याच मुलांस शाळा का नसावी, हा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, नांगर धरण्याची लाज न वाटणारे असावेत आणि अभ्यासक्रमात शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असे त्यांनी मागितले. दुकानातील कारकुनाच्या एका शब्दावर ज्याची शाळा सुटली होती, त्याने साऱ्या देशातील मुलांच्या शाळेसाठी ही मागणी केली.

१८८८ च्या मार्च महिन्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी झाली. जरीच्या पोशाखातील मंडळींत जोतीराव फाटक्या शेतकऱ्याच्या वेषात जाऊन उभे राहिले आणि राणीच्या नातलगास त्यांनी सांगितले की, हिंदुस्थानची खरी प्रजा पाहावयाची तर खेड्यांत जावे. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथे जमलेल्या लोकांनी त्यांस महात्मा ही पदवी दिली. कष्टकऱ्यांनी आपल्या माणसास दिलेली ही पदवी कोणत्याही सरकारी किताबाहून थोर होय.

त्याच साली त्यांस पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात निकामी झाला, तरी डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकाचे लेखन चालू ठेवले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांना मूलबाळ नव्हते. एका ब्राह्मण विधवेच्या यशवंत नावाच्या पुत्रास त्यांनी आपला मुलगा मानून वाढविले होते. अंत्ययात्रेच्या वेळी या दत्तक पुत्राने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी स्वतः टिटवे हाती घेतले आणि पतीस अग्नी दिला. इनामाच्या वेळी जी भाऊबंदकी उठली, तीच सरणापाशीही उठली. पण या वेळी घर सोडून जाण्याची पाळी फुल्यांवर आली नाही. मागे सरावे लागले ते भाऊबंदांस.

सावित्रीबाईंनी पुढे सत्यशोधक समाजाची धुरा वाहिली. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर झालेल्या यशवंतरावांच्या साहाय्याने हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात रुग्णांची शुश्रूषा करीत असता त्यांनाच त्या रोगाने गाठले आणि १० मार्च रोजी त्या निवर्तल्या. शेताच्या मातीत अक्षर गिरवून ज्या जीवनाचा आरंभ झाला, त्याची अखेरची सेवाही एका मळ्यातच घडली.

जोतीरावांनंतरही आपल्या समाजाची पाण्यामागे जाण्याची वाटचाल थांबली नाही. नीरा, गोदावरी व प्रवरा यांचे पाट जसजसे निघाले, तसतशी सासवड व पुरंदरच्या परिसरातील अनेक माळी कुटुंबे बैलगाडीत संसार घालून बारामती, कोपरगाव, बेलापूर, अकलूज या भागांत गेली. माळरानावर त्यांनी ऊस पिकविला, वस्त्या वसविल्या. १९३२ साली स्थापन झालेली सासवड माळी शुगर फॅक्टरी आणि तिच्याभोवती उभे राहिलेले माळीनगर ही त्या धाडसाची साक्ष आहे. या कुटुंबांपैकी जी टिकली व वाढली, त्यांनी पाण्याबरोबर शाळाही आणली. ज्यांनी केवळ जमीन वाढविली आणि मुलांच्या विद्येकडे दुर्लक्ष केले, त्यांच्या नातवंडांची शेटीबांसारखी गत झाल्याची उदाहरणे प्रत्येक वाचकास आपल्या परिचयात आढळतील.

आज कटगुण व खानवडी या दोन्ही गावी जोतीरावांचे स्मरण जपले जाते. पुण्यात गंज पेठेतील त्यांचे घर स्मारक झाले आहे आणि त्या पेठेसही त्यांचेच नाव मिळाले आहे. ज्या घराण्यास कोणत्याच गावी टिकू दिले नाही, त्याला आपले म्हणण्यासाठी आता सारी गावे पुढे येतात. आपली ज्ञातीही त्यांस आपले म्हणते. या स्मरणिकेच्या पानावर आम्हीही तेच केले आहे. परंतु ज्यांनी आयुष्यभर जातिभेदाविरुद्ध लढा दिला, आपल्या घरचा हौद १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या बांधवांस खुला केला आणि परजातीच्या मुलास आपला वारस केले, त्यांस केवळ ज्ञातीचे भूषण म्हणून मिरविण्याचा आपणांस किती अधिकार आहे, हा प्रश्न लिहिताना आमच्या मनात सारखा येत राहिला. जन्माने ते आपले आहेत, यात आपला काहीच पुरुषार्थ नाही. एके काळी ज्ञातीच्याच धाकाने त्यांस घर सोडावे लागले, हेही विसरता येत नाही.

म्हणून आमची ज्ञातिबांधवांस नम्र विनंती इतकीच की, हा अधिकार आपण कृतीने मिळवावा. आपल्या शेजारच्या वाडीतील एखादा मुलगा वा मुलगी, मग ती कोणत्याही जातीची असो, पैशावाचून वा कोणाच्या चुकीच्या सल्ल्यावाचून शाळेबाहेर पडू नये एवढी काळजी प्रत्येक सुस्थित कुटुंबाने घेतली, तर गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब यांचे ऋण काही अंशी फिटेल. भावाभावांतील वाटणीचे तंटे कोर्टात नेण्यापूर्वी घरात बसून मिटविले, तर राणोजी व गोविंदराव यांच्या कथेतून आपण काही शिकलो असे म्हणता येईल. आणि ज्या दिवशी आपण कोणासही जातीच्या धाकाने घराबाहेर काढणार नाही, त्या दिवशी कटगुणहून निघालेले हे घराणे आपल्यामध्ये खऱ्या अर्थाने वसले, असे आम्ही समजू.